पायदळाच्या रायफलीची गोळी: चोवीस वर्षं चालवून दिलेला अभिप्राय

माझा भाचा पायदळात नाईक आहे. गेल्या दिवाळीला सुट्टीवर आला तेव्हा पलटणीला मिळालेल्या सिग 716 रायफलीबद्दल भरभरून बोलत होता. भरतीची तयारी करणारी गावातली पोरं ओसरीवर भोवती बसली होती. "मामा, पाचशे मीटरवरचं फिगर टार्गेट पडतंच," असं तो सांगत होता. मी एवढंच विचारलं, "मॅगझिन कितीचं?" म्हणाला, "वीसचं." मग थोडं थांबून, "वजन जाणवतं मामा. चढावर तर फारच."

त्याच्या त्या थांबण्यामुळे मी हे लिहायला बसलो. मी 1991 साली बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्री सेंटरला रंगरूट म्हणून गेलो आणि 2015 साली हवालदार म्हणून घरी आलो. मधली बरीच वर्षं पलटणीत वेपन ट्रेनिंगचा उस्ताद होतो. स्वतः जितकं फायर केलं, त्याच्या कितीतरी पट दुसऱ्यांचं पाहिलं. रायफलींबद्दल लोक खूप लिहितात. राऊंडबद्दल, म्हणजे गोळी, दारू आणि केस मिळून होणाऱ्या अख्ख्या काडतुसाबद्दल, फार कमी लिहितात, आणि खरा निर्णय तिथंच झालेला असतो. राऊंड ठरला की नळीची लांबी, मॅगझिनची जाडी, खांद्याला बसणारा धक्का आणि पाऊचमध्ये मावणारी संख्या, सगळं त्याच्यामागून ठरत जातं.

पहिला राऊंड मी फायर केला तो थ्री नॉट थ्रीचा, कॉलेजात एनसीसीच्या कॅम्पला. त्याबद्दल थोडक्यातच सांगतो, कारण आता तो पायदळात नाही. काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कड असते. पाचाच्या क्लिपमध्ये राऊंड लावताना या कडा एकमेकींत अडकणार नाहीत अशाच लावाव्या लागतात. चुकलं की बोल्ट पुढे जाताना अडतो. 174 ग्रेनची, म्हणजे सव्वाअकरा ग्रॅमची गोळी, वेग सेकंदाला साधारण 740 मीटर. गोळी उत्तम होती. पण 1962 साली एकेक राऊंडला बोल्ट ओढणाऱ्या जवानासमोर एसकेएस ही आपोआप भरणारी रायफल घेतलेला चिनी सैनिक उभा राहिला, तेव्हा उत्तम गोळीचा उपयोग तिच्या पाठोपाठ दुसरी किती लवकर जाते यावर ठरतो हे कळलं. त्यानंतर ईशापूरला एसएलआर, म्हणजे पुढचा राऊंड आपोआप भरणारी रायफल, बनू लागली आणि 7.62×51 चं काडतूस आपल्याकडे आलं (पहिला आकडा नळीच्या व्यासाचा, दुसरा केसच्या, म्हणजे काडतुसाच्या पितळी नळकांड्याच्या लांबीचा, दोन्ही मिमीमध्ये).

थ्री नॉट थ्रीची एक गोष्ट मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे. ब्रिटिश फौजेनं जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलीची जाडजूड शिशाची गोळी सोडून ही बारीक, आवरण असलेली गोळी घेतली, तेव्हा 1895 च्या चित्रालच्या मोहिमेत शिपायांनी तक्रार केली की हिनं माणूस थांबत नाही. त्यातूनच कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात टोकाला आवरण नसलेली गोळी निघाली आणि 1899 मध्ये हेगच्या परिषदेत शरीरात पसरणाऱ्या गोळ्यांवर बंदी आली. सैनिकाची गोळी आजही पूर्ण आवरणाची असते, याचं मूळ तिथं आहे. आणि "नवी गोळी बारीक आहे, तिच्यात दम नाही" ही तक्रारही तेव्हापासूनची आहे. एसएलआरनंतर इन्सास ही देशी रायफल आली, त्या वेळीही मी ती शब्दाला शब्द तीच ऐकली.

आता एसएलआरचा राऊंड. याच्यावर माझा जीव आहे, आणि तरीही मी त्याला पहिला नंबर देणार नाही.

साधारण साडेनऊ ग्रॅमची गोळी, वेग 830 मीटरच्या आसपास, ताकद 3,300 जूल. दोनशे मीटरला झिरो केली, म्हणजे साइट त्या अंतराला जुळवली, तर तीनशेला वीतभरच खाली लागते. बटात, म्हणजे टार्गेटखालच्या खंदकात, ड्यूटीला बसलं की डोक्यावरून जाणारी ही गोळी आधी कडाड् असा आवाज देते आणि मग मागून धप् असा रायफलीचा आवाज पोचतो. या दोन आवाजांमधल्या अंतरावरून फायर करणारा किती लांब आहे ते ओळखायला आम्हाला शिकवलं जायचं. माती, विटा, लाकूड, कशालाच हा राऊंड जुमानत नसे. शिवाय तेव्हा सेक्शनची, म्हणजे दहा जणांच्या तुकडीची, एलएमजी (हलकी मशीनगन) हाच राऊंड खायची, जुन्या ब्रेनची 7.62 मध्ये बदललेली 1बी. पलटणीच्या एमएमजीलाही (मध्यम मशीनगनलाही) हाच राऊंड, फक्त पट्ट्यात गुंफलेला. एका पेटीतला माल सगळ्यांना चालायचा. ही सोय किती मोठी होती ते ती गेल्यावर समजलं.

पण उस्ताद म्हणून मी जे पाहिलं तेही सांगतो. नवा रंगरूट एसएलआरला भीत असे. पहिल्या दिवशी रायफलीचा दस्ता खांद्याच्या खळगीत नीट बसलेला नसायचा, धक्का हाडावर यायचा, आणि दुसऱ्या दिवसापासून ट्रिगर दाबायच्या आधीच पोरगा डोळे मिटून खांदा पुढे ढकलायचा. हे त्याला सांगून पटत नाही. म्हणून आम्ही मॅगझिनमध्ये मध्येच एक ड्रिल राऊंड, म्हणजे दारू नसलेला नकली राऊंड, घालायचो. हॅमर नुसता टक् करून पडायचा, धक्का काहीच नसायचा, तरी रायफलीचं तोंड हातभर झुकायचं. ते पाहिलं की पोराला स्वतःची चूक कळायची. एसएलआरच्या बॅचमध्ये हा प्रयोग मला जवळजवळ प्रत्येकावर करावा लागे. इन्सास आल्यावर मोजक्यांवर करावा लागला. माझ्या लेखी हा फार मोठा पुरावा आहे. ताकद कागदावर 3,300 जूल असली तरी टार्गेटपर्यंत तीच पोचते जी पोराच्या खांद्यानं न घाबरता सोडलेली असते.

आणि वजन. 7.62×51 चा एक राऊंड 24 ग्रॅमच्या आसपास भरतो, एकेचा साडेसोळा, 5.56 चा 12. हातात घेतल्यावर फरक वाटतही नाही. पण जवानानं नुसत्या राऊंडचं पाच किलो ओझं घेतलं असं धरा, मॅगझिनचं वजन वेगळं. पाच किलोत एसएलआरचे दोनशे राऊंड येतात, एकेचे तीनशे आणि 5.56 चे चारशेच्या वर. बाकी पिट्टू, पाणी, हेल्मेट, जॅकेट, वायरलेसची बॅटरी आहेच. ज्यानं बारा हजार फुटांवर चढ चढलाय त्याला हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही.

एकेचा राऊंड, 7.62×39, माझ्या हातात राष्ट्रीय रायफल्समध्ये, म्हणजे काश्मीरमधल्या दहशतवादविरोधी दलात, आला. कुपवाड्याकडचं जंगल, मक्याची शेतं, अक्रोडाची झाडं, लाकूड आणि दगडमातीची घरं. तिथं नजर शंभर मीटरच्या पलीकडे जाईल अशी जागाच कमी. चकमक झाली ती बहुतेक वेळा तीस-चाळीस मीटरवर. त्या कामाला याच्या तोडीचा राऊंड मी पाहिला नाही. आठ ग्रॅमची गोळी, वेग 715, ताकद 2,000 जूल. धक्का सोसण्यासारखा, मॅगझिन तीसचं, आणि अडकणं जवळजवळ नाही. त्याचं कारण मला महूच्या इन्फंट्री स्कूलच्या कोर्समध्ये समजलं: या काडतुसाची केस बुडाकडून तोंडाकडे चांगलीच निमुळती होत जाते. निमुळती वस्तू भोकात सहज जाते आणि सहज सुटते, चेंबरमध्ये काजळी किंवा कचरा असला तरी. एकेच्या मॅगझिनला तो केळ्यासारखा बाक आहे, तोही या निमुळतेपणामुळेच; असे राऊंड एकावर एक ठेवत गेलं की रांग आपोआप वळते. इतका साधा विचार, आणि त्याच्यावर अर्ध्या जगातल्या फौजा चालल्या.

याचा दोष तीनशे मीटरला उघडा पडतो. गोळी जाड आणि आखूड, वारा कापत नाही. दोनशेला झिरो केलेली एके तीनशेला हातभर खाली मारते. म्हणजे छातीवर शिस्त (नेम) घेतली तर मांडीवर. चारशेला अंदाजच करायचा. रेंजवर हे सुधारता येतं, कारण तिथं अंतराची पाटी लावलेली असते. डोंगराच्या समोरच्या धारेवर पाटी नसते. आपण साडेतीनशे समजतो ते साडेचारशे निघतं, आणि एवढ्या वाकड्या मार्गाच्या गोळीला ती चूक सोसत नाही.

आता 5.56×45. इन्साससोबत हा आला आणि याच्याबद्दल सगळ्यात जास्त वाईट बोललं गेलं. 1999 च्या कारगिल युद्धात प्लॅस्टिकची मॅगझिनं थंडीत तडकल्याच्या, डोळ्यांत तेल उडाल्याच्या बातम्या आल्या, त्या सगळ्यांना माहीत आहेत. त्या तक्रारी रायफलीच्या होत्या. राऊंडचा त्यात काही संबंध नव्हता, तरी बदनामी दोघांची एकत्र झाली. आणखी एक गोष्ट विसरली जाते: हलका राऊंड घेण्याचा फायदा हलक्या रायफलीसोबतच मिळतो. इन्सास रिकामी चार किलोच्या वर. राऊंडमध्ये वाचवलेलं वजन रायफलीनं खाऊन टाकलं, आणि मॅगझिनही वीसचंच ठेवलं.

राऊंड म्हणून बघितलं तर रेंजवर याच्यासारखा सोबती नाही. चार ग्रॅमची गोळी, वेग 900. बटात बसलं की ती चाबूक ओढल्यासारखी जाते. धक्का असा की चष्मा लावणारा, पन्नास किलोचा पोरगाही दहा राऊंडची भोकं तळहाताएवढ्या जागेत पाडतो. दोनशेच्या झिरोवर तीनशेला हीही वीतभरच खाली. माझ्या हाताखालच्या पोरांची क्लासिफिकेशन फायरिंग, म्हणजे नेमबाजीची परीक्षा, इन्सासवर सुधारली, यात मला शंका नाही.

मग तक्रार कसली? ही गोळी बारीक आहे, आणि तिचं काम वेगावर चालतं. लागल्यावर आडवी वळली आणि मध्ये मोडली तर परिणाम मोठा. वेग साधारण 800 च्या खाली गेला की मोडण्याची खात्री राहत नाही, आणि आपल्या नळीच्या लांबीत तो शंभर मीटरच्या पुढे खाली जायला लागतो. पुढे ती सुईसारखी आरपार निघून जाऊ शकते. त्यातही आपला राऊंड बेल्जियमच्या एसएस109 च्या धर्तीवरचा, टोकाशी पोलादाचा तुकडा असलेला. तो मुळात लांबवरचं लोखंडी हेल्मेट भेदावं म्हणून घडवलेला. ज्या कामासाठी घडवला नाही ते काम आपण काश्मीरच्या घरांमध्ये त्याच्याकडून मागितलं.

कोर्सला एक गोष्ट सांगत असत: शत्रूचा एक जखमी झाला की दोघं त्याला उचलण्यात गुंततात, म्हणून बारीक गोळी फायद्याची. मला हे तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही. फिदायीनला कोणी उचलून नेत नाही. तो जखमी झाला तरी त्याचं बोट ट्रिगरवर असतं. जिन्याच्या वळणावर समोर उभ्या असलेल्या आपल्या पोराला तो त्याच क्षणी थांबायला हवा असतो. या विषयावर कुणी हसत बोललं तर मला राग येतो, कारण मी ते जिने पाहिलेले आहेत.

एक रात्र सांगतो. गावाला वेढा होता. माझी सेक्शन एकेवर, आणि डाव्या हाताला दुसऱ्या पलटणीची तुकडी इन्सासवर. मध्ये ओढा. पहाटे तीनच्या सुमाराला त्यांच्या बाजूनं फुटून निघण्याचा प्रयत्न झाला आणि वीस मिनिटं फायर चालू राहिला. त्यांचा एलएमजीवाला ओरडला की राऊंड संपत आले. आमच्याकडे भरलेली मॅगझिनं होती, अंतर चाळीस पावलं, आणि तरी देण्यासारखं आमच्याजवळ काही नव्हतं. आमचा राऊंड त्यांच्या नळीत जाणार नाही. मागून माल येईपर्यंत आम्ही आमच्या बाजूनं त्यांच्या पुढ्यात फायर टाकत राहिलो, एवढंच करता आलं. सगळे सुखरूप परतले. पण एसएलआरच्या काळात मी एक मॅगझिन ओढ्यापलीकडे फेकलं असतं आणि काम झालं असतं, हा विचार तेव्हापासून गेलेला नाही.

आणि आजची स्थिती पाहा. 2019 मध्ये 72,400 सिग 716 घेतल्या, 7.62×51 च्या, 2024 मध्ये आणखी 73,000 ची ऑर्डर गेली. 2021 च्या डिसेंबरात सहा लाखांवर एके-203 चा करार झाला, त्या अमेठीजवळ कोरव्यात बनतात, 7.62×39 च्या. 2020 मध्ये नेगेव्ह एलएमजी घेतल्या, त्या 7.62×51 च्या. इन्सास अजून पूर्ण गेलेली नाही, ती 5.56. ड्रॅगुनोव्ह रायफलीला 7.62×54, ज्याला थ्री नॉट थ्रीसारखीच बुडाला कड आहे. जुन्या कार्बाइनला 9 मिमी. 7.62 हा आकडा असलेले तीन वेगळे राऊंड झाले, पण तिघांतला एकही राऊंड दुसऱ्याच्या चेंबरमध्ये चालत नाही. एकेक खरेदी सुटी पाहिली तर प्रत्येकीला चांगलं कारण आहे. सगळ्या मिळून पलटणीच्या क्वार्टरमास्टरला जे पेट्यांचे ढीग मिळतात ते रात्रीच्या अंधारात, पावसात, खच्चरावर चढवताना वेगळे ओळखायचे असतात. नंबर पाहायला टॉर्च लावायची सोय प्रत्येक ठिकाणी नसते.

मधला राऊंड हवा, हे जगातल्या फौजांना शंभरेक वर्षांत वारंवार कळलं आणि दरवेळी हातचं निसटलं. ही कहाणी मला फार बोचते. अमेरिकेची गॅरंड रायफल आधी .276 इंचाच्या, म्हणजे सात मिमीच्या राऊंडसाठी घडली होती. 1932 मध्ये लष्करप्रमुख जनरल मॅकार्थर यांनी तो नाकारला, कारण कोठारात जुन्या .30-06 चा प्रचंड साठा होता आणि मशीनगनही त्याच्याच होत्या. कारण खोटं नव्हतं. एकच राऊंड असावा हे मीही म्हणतोच आहे. पुढं ब्रिटिशांनी .280 चा राऊंड केला, नऊ ग्रॅमची गोळी, वेग 770 च्या आसपास, आणि 1951 मध्ये त्याची ईएम-2 रायफल स्वीकारलीसुद्धा. अमेरिकेचा आग्रह पूर्ण ताकदीच्या तीस कॅलिबरचाच होता. चर्चिल सत्तेवर आले आणि निर्णय फिरवला गेला. 7.62×51 नाटोचा राऊंड झाला, आणि एसएलआरमार्गे तोच माझ्या खांद्यावर आला. गंमत नाही, दुःख वाटतं ते याचं की 1952 मध्येच अमेरिकी लष्करासाठी झालेल्या अभ्यासानं सांगितलं होतं की रायफलीचा उपयोगी फायर बहुतेक 300 यार्डांच्या आतच होतो. दहा-पंधरा वर्षांत अमेरिकेनं स्वतःच व्हिएतनाममध्ये 5.56 उचलला, म्हणजे एका टोकावरून थेट दुसऱ्या टोकावर. रशियानं 1974 मध्ये 5.45 घेतला, चीननं नंतर 5.8. मधली जागा रिकामीच राहिली.

आता अमेरिका पुन्हा उलट्या टोकाला निघाली आहे. 2022 मध्ये त्यांनी 6.8×51 चा राऊंड निवडला, एम7 रायफलीसाठी. छातीवरच्या नव्या बुलेटप्रूफ जॅकेटांना भेदायचं म्हणून काडतुसातला दाब 80,000 पीएसआयपर्यंत नेला आहे. एवढा दाब नुसतं पितळ सोसत नाही, म्हणून केसचं बूड पोलादाचं आणि अंग पितळेचं. कारागिरी म्हणून मी त्यापुढे मान झुकवतो. पण जवानाच्या अंगावरचा हिशेब पाहा: एम4 ही 5.56 ची रायफल असताना 210 राऊंड घेऊन निघणारा आता 140 घेऊन निघतो, आणि मॅगझिन वीसचं. माझ्या भाच्याचं थांबणं मला इथंही ऐकू येतं. ज्या फौजेकडे राऊंड संपले की हेलिकॉप्टर येतं तिनं हे करावं. आपल्या पोस्टवर माल माणसाच्या पाठीवर चढतो.

मला विचाराल तर मी कोणता निवडेन? 6.5 ग्रेंडेलच्या जातीचा. हा मी फायर केलेला नाही, म्हणून त्याला रेंजचे मार्क देत नाही; पण त्याची बांधणी मला पटते. 2003 मध्ये तो पुढं आला. गोळी आठ ग्रॅमची, म्हणजे एकेच्या गोळीएवढ्याच वजनाची, पण बारीक, लांब आणि टोकदार. वारा कापते, वेग टिकवते. राऊंडचं वजन साधारण एकेच्या राऊंडएवढंच. आणि ज्या गोष्टीनं मी चमकलो ती ही, की याची केस एकेच्याच केसच्या वंशातली आहे. मध्ये दोन पिढ्या गेल्या, पण बुडाचा व्यास जवळजवळ तोच राहिला. सर्बियाच्या झास्तावा कारखान्यानं एकाच रायफलीला 7.62×39 आणि 6.5 ग्रेंडेल अशा दोन नळ्या आलटून पालटून लावता येतील अशी एम19 रायफल काढली आहे. आपण सहा लाख एके-203 बनवतोच आहोत. ती चौकट ठेवून नळी, मॅगझिन आणि साइट बदलण्याचा विचार निदान तपासायला तरी हवा.

दोषही सांगतो. ही केस एकेच्या केससारखी निमुळती नाही, खांदा रुंद आहे, त्यामुळे चिखलात आणि काजळीत ती एकेइतकी सहज सुटेल असं मी गृहीत धरणार नाही. 5.56 च्या घडणीच्या रायफलीत ती बसवताना बोल्टचं तोंड कोरून मोठं करावं लागतं आणि तिथली भिंत पातळ होते. आणि जॅकेट भेदण्याच्या बाबतीत ती सिगच्या राऊंडची बरोबरी करणार नाही. हे माहीत असूनही मी तीच निवडेन, कारण 200 ते 500 मीटरच्या पट्ट्यात, जिथं एके उताराला लागते आणि 5.56 चा दम संपतो, तिथं आपला जवान सगळ्यात जास्त उघडा असतो. एमएमजीला आणि सेक्शनच्या मार्क्समनला (लांबच्या नेमबाजाला) 7.62×51 ठेवा. बाकी सगळ्यांना, एलएमजीसकट, हा एकच. पलटणीत दोनच प्रकारच्या पेट्या.

हे स्वप्न नाही म्हणून सांगतो: पुण्यातल्या एआरडीई या सरकारी शस्त्र संशोधन संस्थेनं, जिथं इन्सास आखली गेली, तिथंच एक रायफल केली होती जिला नळी बदलून 5.56, 7.62×39 आणि 6.8×43 असे तीन राऊंड चालत. 2014 च्या डिफेक्स्पो या शस्त्र प्रदर्शनात ती लोकांनी पाहिली. तो 6.8 चा राऊंड म्हणजे मधल्याच जागेचा उमेदवार. पण बाहेरून बदलत्या नळीची रायफल घ्यायचं टेंडर 2015 मध्ये रद्द झालं आणि चर्चा पुन्हा कोणती रायफल, कोणत्या देशाची, याच्यावर आली. राऊंडचा प्रश्न बाजूलाच पडला.

माझे चुलते खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. 1869 पासूनचा कारखाना तो. रेंजवर फायर झाला की रिकामे खोके, म्हणजे उडालेल्या राऊंडच्या केस, वेचून, मोजून जमा करावे लागतात, आणि बुडावर केएफ अशी छाप दिसली की मी पोरांना दाखवायचो, हे आपल्या पुण्याचं. चुलते सांगायचे, नवा राऊंड म्हणजे नुसता नवा साचा नव्हे. पितळेची पट्टी, केस ओढण्याची हत्यारं, कॅपमधला मसाला, दारूचा दाणा, मोजमापाची गेजं, तपासणीचे कामगार, सगळं नव्यानं बसवायचं. खडकी असो की भुसावळजवळचं वरणगाव, हे एका वर्षाचं काम नाही. म्हणून निर्णय लवकर आणि एकदाच व्हायला हवा, दर पाच वर्षांनी नवी रायफल पाहून नव्हे.

निवड करायची असेल तर चाचणी कशी घ्यावी, तेवढं सांगून थांबतो. राऊंड वातानुकूलित खोलीत मशीनच्या चिमट्यात धरून तपासतात, ते हवंच. पण त्यानंतर तो दहा जणांच्या एका साध्या सेक्शनला द्या, निवडक नेमबाजांना नको. एक हिवाळा उंचावर, एक पावसाळा जंगलात. राऊंड रात्रभर बर्फात ठेवलेले, दुसऱ्या वेळी उन्हात तापलेल्या गाडीत ठेवलेले, कारण दारू गार पडली की वेग घटतो आणि झिरो हलतो. पूर्ण वजन घेऊन आठ किलोमीटर चालवा, शेवटचा चढ पळवा, आणि दम छातीत असतानाच, अंतराची पाटी न लावता, समोरच्या धारेवरच्या टार्गेटवर फायर करायला लावा. कुणी किती भोकं पाडली ते मोजा. आणि मग प्रत्येकाच्या पाऊचमध्ये किती राऊंड उरले तेही मोजा.